पहिली उंची कितीवर मागायची?

जून महिना लागला की बेळगावच्या टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक काळजी हमखास येते. ती घेऊन येणारे कधी खानापूर तालुक्यातले शेतकरी असतात, कधी निपाणीचे दुकानदार, तर कधी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार; पण बोलणे एकच असते : "पोरानं चार वर्षं मैदानावर घालवली, अभ्यास जेमतेम झाला आणि खेळातही नाव झालं नाही. आता याचं पुढं काय?" या सर्वांना मी जे सांगते, ते एका बांबूउडीपटूच्या निमित्ताने इथे लिहिते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. वडील बोलत होते आणि तो तळहातावरचे घट्टे नखाने खरवडत बसला होता. सरावात तो ४.२० मीटर ओलांडत असे. मात्र लागोपाठ दोन स्पर्धांत त्याच्या नावापुढे एकही उंची लागली नव्हती. वडिलांच्या मते तो भित्रा होता आणि त्याच्या प्रशिक्षकांच्या मते त्याचे लक्ष विचलित होत होते. "तेवढी भीती काढून द्या," असे सांगून वडील बाहेर जाऊन बसले.

मला या खेळातले फारसे कळत नव्हते, म्हणून मी त्यालाच समजावून सांगायला सांगितले. त्याने टेबलावरची प्लॅस्टिकची फूटपट्टी उचलली, तिचे टोक चहाच्या बशीच्या कडेला टेकवले आणि ती हळूहळू वाकवली. नावात बांबू असला तरी आता पोल फायबरग्लासचा असतो; धावत येऊन त्याचे टोक जमिनीतल्या २० सेंटिमीटर खोल पेटीत रोवायचे, धावेचा जोर पोलमध्ये साठतो आणि पोल सरळ होताना उडी मारणाऱ्याला वर फेकतो, हे सांगताना त्याचा आवाज पार बदलून गेला होता. उंचीला भिणारा मुलगा असे बोलत नाही, याची मी तेव्हाच मनाशी नोंद केली.

"मग त्या दोन्ही स्पर्धांत पहिली उंची कितीवर मागितलीस?"

"चार मीटर."

या खेळात सुरुवात कुठून करायची हे खेळाडू स्वतः ठरवतो. लागोपाठ तीन प्रयत्न चुकले की तो बाद होतो आणि तोवर एकही उंची ओलांडलेली नसेल तर निकालपत्रावर त्याच्यापुढे काहीच लागत नाही. ३.६० तर तो सहज ओलांडत होता. तिथून सुरुवात का केली नाहीस, असे विचारल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला.

"३.६०ला उतरलो तर लोक काय म्हणतील, मॅडम? चार वर्षं घालवून एवढंच? गावातली पोरं येऊन बघूलालीत."

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा जीव आहे, हे माझ्याकडे येणाऱ्यांना ठाऊक असते. माणसाला घटनेपेक्षा तिच्याविषयीचा हट्टी समज अधिक छळतो आणि मराठीत तो हट्ट बहुधा एका 'च'मध्ये बसलेला असतो. त्या मुलाच्या मनातले वाक्य मी कागदावर लिहिले : 'माझी पहिली उडीच भारी झाली पाहिजे.' त्यावर वाद न घालता मी एक काम दिले. त्या दोन्ही स्पर्धा पाहिलेल्या दहा जणांना, आपण कितीवर सुरुवात केली होती, एवढेच त्याने विचारून यायचे होते.

पुढच्या आठवड्यात तो एकटाच आला, आणि उभ्या उभ्याच बोलू लागला. "कुणालाच आठवत नाही, मॅडम. दोघंजण तर म्हणाले, तू साडेतीनला बाद झालास ना? ज्या चार मीटरपायी मी मेलो, ते कुणी बघितलंसुद्धा नाही!" आणि तो हसत सुटला. वीस वर्षे हे काम केल्यावरही असे हसू ऐकले की मला दिवस सार्थकी लागल्यासारखा वाटतो. मी काही शिकवले असते, तर ते हसू आले नसते.

मला स्वतःला मात्र खरी गोष्ट त्यानंतर कळली. पुढच्या वर्षासाठी कोणते अर्ज भरले, असे सहज विचारले, तर त्याने एकही भरलेला नव्हता. रेल्वेत क्रीडा कोट्यातून लागायचे, एवढेच त्याने धरून ठेवले होते आणि त्या कोट्यासाठी लागणारी कामगिरी तर त्याच्या नावावर नव्हती. पदवीनंतर दोन वर्षांचे बी. पी. एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) आणि पुढे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतली प्रशिक्षणाची पदविका, हा मार्ग त्याला ठाऊक होता, पण "पी. टी. मास्तर होऊ?" असे त्याने ज्या स्वरात विचारले, तो स्वर ३.६०चाच होता. मैदानावरचा 'च' नोकरीच्या अर्जांपर्यंत पोहोचला होता.

अशा मुलांना युक्रेनचा बांबूउडीपटू सर्गेई बुब्का याचे उदाहरण देऊन धीर देण्याची पद्धत आहे : १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये तोही एकही उंची न ओलांडता बाद झाला आणि १९९४ मध्ये त्याने ६.१४ मीटरचा विक्रम केला. मला हे उदाहरण अर्धवट वाटते. बुब्का हा १९८५ मध्येच सहा मीटर ओलांडणारा पहिला माणूस होता. उंचावरून सुरुवात करण्याची जोखीम त्याला परवडत होती. आपल्या मुलाची उंची आज नेमकी किती आहे, हे पालकांनी मोजावे आणि तिच्या थोड्या खालच्या अर्जापासून त्याला सुरुवात करू द्यावी. त्या अर्जाला घरात कुणी 'एवढंच?' म्हणू नये, कारण मुलाने तो शब्द बहुतेक वेळा आपल्याच घरात पहिल्यांदा ऐकलेला असतो. मोठी उंची सोडून द्या, असे मी कुणालाच सांगत नाही.

पुढच्या स्पर्धेत त्याने ३.६० मागितली, दुसऱ्या प्रयत्नात ओलांडली आणि ४.१०पर्यंत जाऊन तो चौथा आला. बी. पी. एड.चा अर्ज त्याने त्याच आठवड्यात भरला. संध्याकाळी वडिलांचा फोन आला; नंबर कितवा आला हे त्यांनी सांगितलेच नाही. "पहिल्या उंचीला त्याचा पाय बारला लागला होता मॅडम, बार हलला, पण पडला नाही," हे मात्र त्यांनी दोनदा सांगितले.