धाकटीला सोबत का आणले?

पत्र:

ताई, मी मूळची भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीची, वय वीस. दोन वर्षांपासून नागपुरात शिकते आणि वसतिगृहात राहते. शाळेपासूनच्या माझ्या दोन मैत्रिणी गेल्या महिन्यात एका सोमवारी नागपूर पाहायला आल्या. आम्ही तिघीच असू असे मी धरून चालले होते. पण एकीने नऊ वर्षांची धाकटी बहीण आणली आणि दुसरीबरोबर तिचा मोठा भाऊ आला. दीक्षाभूमी, झिरो माइल, अजब बंगला, रमण विज्ञान केंद्र, अंबाझरी आणि शेवटी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, खरेदी असा बेत मी आखला होता. दीक्षाभूमीवरून बहीण आणलेली मैत्रीण उठायलाच तयार नव्हती, अजब बंगला बंद निघाला, भाऊ सगळीकडे पुढे पुढे करत होता आणि छोटी सीताबर्डी मेट्रो स्टेशनच्या सरकत्या जिन्यापाशी दहा मिनिटे रडत उभी राहिली. तेव्हा मी मैत्रिणीला म्हणाले, "हिला कशाला आणलेस? आपला दिवस वाया गेला." छोटीने ते ऐकले. रात्री मी खर्चाचा हिशेब कळवला: एकूण पंधराशे, तिघींत पाचशे-पाचशे. त्या मैत्रिणीने एक शब्दही न लिहिता सहाशे पाठवले. तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही. डिसेंबरात त्या पुन्हा येणार होत्या. माझे खरेच इतके चुकले का?

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

हो, तुझे चुकले. पण तू त्या एका वाक्यालाच चूक समजते आहेस, आणि मला वाटते ती त्याआधीच, तुझ्या "आम्ही तिघीच असू असे मी धरून चालले होते" या शब्दांत झाली आहे. तुला मैत्रिणी हव्या होत्या. वसतिगृहाच्या खोलीत दोन वर्षे काढल्यावर आपल्या गावची, आपल्याला शाळेच्या गणवेशात पाहिलेली माणसे भेटावीत, त्यांच्याशी मनसोक्त बोलावे, ही ओढ अगदी रास्त आहे आणि तिच्याबद्दल मी तुला एका अक्षराने दोष देणार नाही. फक्त ती ओढ तू त्यांना सांगितली नाहीस. सांगितलास तो स्थळांचा बेत, आणि शहर पाहायला जायचे म्हटल्यावर घरची लहान-मोठी माणसे सोबत निघणारच.

तुझी मैत्रीण नऊ वर्षांच्या मुलीला हौसेने घेऊन आली असेल, असे तुला खरेच वाटते का? मी नागपूरच्या महाल भागात वाढले. मैत्रिणींबरोबर बर्डीवर जायचे म्हटले की घरातून पहिला प्रश्न यायचा, "कोण कोण आहे?" आणि दुसरे वाक्य ठरलेले असायचे, "धाकट्याला घेऊन जा." धाकट्याचा हात धरला की परवानगी मिळायची, त्याला घरी ठेवून जाते म्हटले की बेत मोडायचा. काळ बदलला तरी साकोलीहून पहाटेच्या एसटीने नागपूरला येऊन रात्री परतणाऱ्या मुलीच्या घरी हा प्रश्न आजही विचारला जातो, हे तू साकोलीचीच असल्यामुळे मी तुला सांगायची गरज नव्हती. दुसरीच्या भावालाही घरून "लक्ष ठेव" एवढेच सांगितलेले असणार, आणि लक्ष ठेवायचे म्हणजे पुढे चालायचे, असा त्याच्या वयाच्या मुलांचा समज असतो. त्याच्यावर राग धरू नकोस. म्हणजे ज्या दोघांमुळे दिवस वाया गेला असे तू म्हणतेस, त्या दोघांमुळेच तुझ्या मैत्रिणी तुझ्यापर्यंत पोहोचू शकल्या.

आता त्या जिन्यापाशी थोडे थांबू या, कारण तुझ्या पत्रात त्याला अर्धे वाक्य मिळाले आहे. तुला त्या जिन्याची इतकी सवय झाली आहे की चढताना पायाकडे तुझे लक्षही जात नसेल. ज्या मुलीने तो बहुधा पहिल्यांदाच पाहिला तिला काय दिसले असेल? जमिनीखालून एक सपाट पट्टी बाहेर सरकते, पाहता पाहता तिच्या पायऱ्या होतात, आणि नेमक्या कोणत्या क्षणी पाय टाकायचा हे कोणी सांगत नाही. पाय टाकावा तर तो दोन पायऱ्यांच्या फटीवर पडेल ही भीती, न टाकावा तर मागे माणसे खोळंबलेली. बहीण वर पोहोचलेली असेल तर मधले अंतर क्षणाक्षणाला वाढते आहे. अशा वेळी नऊ वर्षांचे मूल रडते, त्यात हट्ट नसतो. तिचा हात धरून "पिवळ्या रेघेच्या आत पाय ठेव, आता" एवढे म्हटले असते तरी पुरले असते. नाहीतर तिथेच लिफ्ट होती. त्याऐवजी तिच्या कानावर पडले ते, आपल्यामुळे सगळ्यांचा दिवस वाया गेला.

दीक्षाभूमीबद्दलही मला बोलायचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी जिथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, ती जागा तुझ्या यादीत सकाळचे पहिले ठिकाण म्हणून होती. कदाचित तुझ्या मैत्रिणीच्या घरी ती नागपूरला यायचे मूळ कारणच असेल. त्या विशाल स्तूपाचा घुमट आतून पोकळ आहे, आत गेल्यावर माणूस आपोआप आवाज खाली आणतो, आणि विदर्भातल्या कितीतरी घरांत आजी-आजोबा नातवंडांना "तिथे थोडा वेळ बस" असे सांगून पाठवतात. तुझ्या मैत्रिणीला कोणी तसे सांगितले होते का, हे तुझ्या पत्रात नाही. तू विचारलेच नसशील, असे मला वाटते. ती उठत नव्हती याचा अर्थ ती वेळ घालवत नव्हती. दिवसभरात जर कोणी मनापासून काही पाहिले असेल, तर ते तिने पाहिले.

बेताविषयी थोडे व्यावहारिक सांगते. दिवस बिघडण्याचे निम्मे खापर या बेतावर फुटायला हवे. अजब बंगला, म्हणजे १८६३ साली स्थापन झालेले आपले मध्यवर्ती संग्रहालय, सोमवारी बंद असते. दोन वर्षे नागपुरात राहणाऱ्या यजमानाने हे आधी पाहायला हवे होते. दीक्षाभूमी, झिरो माइल, सिव्हिल लाइन्समधला अजब बंगला, गांधीसागरजवळचे रमण विज्ञान केंद्र आणि पश्चिमेकडची अंबाझरी ही ठिकाणे एका दिवसात बसवायची म्हणजे लहान मुलाचेच काय, मोठ्यांचेही पाय बोलू लागतात. दोन ठिकाणे घे. सकाळी दीक्षाभूमी, वेळेचे बंधन न घालता. मग राहाटे कॉलनी किंवा काँग्रेसनगरहून मेट्रोच्या नारिंगी मार्गिकेने गाडी न बदलता थेट झिरो माइलला जाता येते. तिथले चार घोड्यांचे पुतळे कोणत्याही मुलाला आवडतात. घोडे पाहून झाले की छोटीला १९०७ च्या ब्रिटिशकालीन सर्वेक्षणाच्या दगडापाशी घेऊन जा आणि तिथे कोरलेली जबलपूर, हैदराबाद, चांदा अशा गावांची मैलांतली अंतरे वाचायला सांग. चांदा म्हणजे आपले चंद्रपूर, हे तिलाच ओळखू दे. रविवार असेल तर तिथून अजब बंगलाही जवळ आहे. मात्र डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असते आणि झिरो माइल विधानभवनाच्या अगदी शेजारी, त्यामुळे त्या दिवसांत त्या भागात बंदोबस्त आणि बंद रस्ते यांचीच गाठ पडेल. जानेवारीतला एखादा रविवार बघ.

आता त्या सहाशे रुपयांकडे ये. पंधराशेचे पाच वाटे केले तर वाट्याला तीनशे येतात. तिने दोन वाटे पाठवले, स्वतःचा आणि बहिणीचा. तू तिच्याकडून पाचशे मागितले होतेस, म्हणजे तुझ्या मते तू धाकटीचा भार वाटून घेत होतीस. तिने मात्र हिशेब दुरुस्त करून कळवले की माझ्या बहिणीचा भार कोणावर नको. पैसे हातात खेळत नसलेल्या घरातल्या मुलीने हे केले असेल, तर तो शंभराचा फरक तिला किती जड गेला असेल याचा विचार कर. घाईने शंभर रुपये फोनवरून परत पाठवू नकोस, त्याने ती दुसऱ्यांदा दुखावेल. पुढच्या वेळी निघण्याआधीच सगळ्यांसमोर ठरवा की खर्च माणशी वाटायचा की घराप्रमाणे, आणि लहान मुलांचे काय करायचे. मैत्रीत पैशांचे आधी बोलणे परके वाटते हे मला कळते, पण नंतर बोलावे लागते तेव्हा काय होते हे तू पाहिलेच आहेस.

ती फोन उचलत नाही, तर फोन करणे थांबव आणि साकोलीला जा. संदेश लिहून माफी मागू नकोस. लिहिलेल्या माफीत "पण" हा शब्द फार सहज येतो. रविवारी सकाळची एसटी पकड. तिच्या घरी गेल्यावर आधी धाकटीशी बोल, तिच्या बहिणीच्या देखत, कारण ते वाक्यही तिच्या देखतच बोलले गेले होते. तिला सांग, "त्या दिवशी मी चुकीचे बोलले. तू आलीस म्हणून दिवस वाया गेला नाही. तू घाबरली होतीस, तेव्हा मी तुझा हात धरायला हवा होता." एवढेच. तिच्याकडून "असू दे" ऐकायची अपेक्षा ठेवू नकोस, नऊ वर्षांची मुले अशा वेळी बहुधा आतल्या खोलीत पळतात. मैत्रिणीशी त्यानंतर बोल, आणि तिला दीक्षाभूमीवर तिच्या मनात काय होते ते विचार.

आणि ज्या गप्पांसाठी तुझा जीव तळमळत होता, त्या तिथेच, तिच्या अंगणात मार. संध्याकाळच्या गाडीची घाई करू नकोस, जमले तर रात्री तिच्याकडेच राहा. जाताना संत्रा बर्फीचा डबा ने आणि तो धाकटीच्या हातात दे.

तुझी ताई