ओटीतला नारळ आणि कामाचे दाम

घरातून एखादे काम करणाऱ्या स्त्रिया माझ्याकडे येतात तेव्हा, काम शिवणाचे असो, केकचे असो किंवा मेहंदीचे, त्यांची अडचण बहुधा एकच असते. काम येते, लोकांना ते आवडते, बोलावणीही येतात. पण ओळखीच्या माणसाकडे पैसे मागायची वेळ आली की जीभ रेटत नाही. फोंड्यात समुपदेशनाचे काम करताना या प्रश्नाला मी पूर्वी फार झटपट उत्तर देत असे. ते उत्तर किती अपुरे होते, हे डिचोली तालुक्यातील एका मेहंदी काढणाऱ्या ताईंमुळे माझ्या लक्षात आले. त्यांच्या संमतीने, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, तो अनुभव येथे लिहीत आहे.

ताईंचे वय चौतीस. त्यांच्या यजमानांचा खनिज वाहून नेणारा ट्रक होता. २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गोव्यातील खाणी थांबल्या आणि तो ट्रक अंगणात उभा राहिला. पुढे विकावा लागला. कॉलेजात असताना मैत्रिणींच्या हातांवर हौसेने काढलेली मेहंदी त्यानंतर घरखर्चाला हातभार लावू लागली. आमच्याकडच्या लग्नांत मूळचा मान हळदीचा आणि हिरव्या चुड्याचा. मेहंदीसाठी एक संध्याकाळ वेगळी राखण्याची पद्धत नंतर रुळली. त्यात किनाऱ्यावरच्या हॉटेलांत बाहेरगावच्या लोकांची लग्ने होऊ लागली, त्यामुळे व्हडली दिवाळी, म्हणजे तुळशीचे लग्न, झाली की ताईंना आठवड्यातून चार संध्याकाळी बोलावणे असे.

पहिल्या भेटीत त्यांनी पैशाचे नावही काढले नाही. मान आखडते, रात्री झोप लागत नाही, आणि परवा धाकट्या मुलावर विनाकारण हात उगारला, एवढेच त्या सांगत होत्या. मानेसाठी डॉक्टरांना दाखवून झाले होते. झोप नेमकी कोणत्या रात्री लागत नाही, असे विचारल्यावर त्यांनी बोटांवर दिवस मोजले आणि मग स्वतःच थांबल्या. त्या सगळ्या रात्री नात्यातले किंवा वाड्यावरचे काम करून परतल्यानंतरच्या होत्या. हॉटेलातल्या अनोळखी लग्नाहून उशिरा परतल्या तरी त्यांना शांत झोप लागत असे.

शेवटचे काम एका चुलतभावाच्या मुलीचे होते. नवरीचे हात कोपरापर्यंत आणि पाय पोटरीपर्यंत, यालाच सहा तास गेले. त्यानंतर ‘माझ्या हातावर फक्त एक वेल’ म्हणत पाहुण्या बायका एकामागून एक पुढे बसत गेल्या, त्या बावीस झाल्या. रात्री दीड वाजता वहिनीने पाटावर बसवून त्यांची ओटी भरली. खण, तांदूळ, नारळ, आणि त्यावर एक पाकीट. घरी येऊन पाहिले तर त्यात अडीच हजार रुपये होते.

‘किती ठरले होते?’ मी विचारले.

‘ठरवलं काहीच नव्हतं, मॅडम. आणि ओटी भरल्यावर समोर बसून पाकीट कसं उघडायचं? वहिनी लागते ती माझी.’

येथे मी ते झटपट उत्तर दिले. दरपत्रक करा, छापून घ्या, विचारणा आली की पाठवा. वाचायला हा सल्ला शहाणपणाचा वाटतो, आणि अनेकांना तो उपयोगी पडतही असेल. ताईंनी दरपत्रक केलेही, सुबक नक्षी काढून. तीन आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा मी मोबाईलवरचे संदेश दाखवायला सांगितले. तिघींना त्यांनी ते पाठवले होते, आणि तिन्ही वेळा त्याखाली स्वतःच लिहिले होते, ‘दर पाच हजार आहे, पण तुम्ही घरच्याच, योग्य वाटेल ते द्या.’ घासाघीस कोणीच केली नव्हती. समोरची बाई काही बोलण्याआधीच ताईंनी आपला दर खाली आणला होता. म्हणजे अडचण दर सांगण्यात नव्हती. तो सांगून झाल्यावर जी शांतता पसरते, ती त्यांना सोसत नव्हती.

मी त्यांना एक वही करायला सांगितली. दर कामापुढे फक्त वेळ आणि खर्च लिहायचा, मत लिहायचे नाही. त्या चुलतभावाच्या घरच्या कामाची नोंद त्यांनी आठवून केली. पावडर गाळणे, भिजवणे आणि कोन भरणे यांत तीन तास, जाण्यायेण्यात दोन, नवरीचे सहा, पाहुण्यांचे चार. एकूण पंधरा तास. अडीच हजारांतून सामानाचे चारशे आणि रात्री बस नसल्याने केलेल्या रिक्षाचे पाचशे वजा केल्यावर सोळाशे उरले, म्हणजे तासाला सुमारे १०७ रुपये. हा आकडा मी त्यांच्याकडूनच काढून घेतला आणि त्यावर काही बोलले नाही. त्याही बराच वेळ बोलल्या नाहीत.

मात्र या वहीपेक्षा जास्त काम एका वेगळ्याच गोष्टीने केले. बोलता बोलता त्यांनी सांगितले की, एका नवरीच्या आईने आयत्या वेळी काळ्या कोनांचा आग्रह धरला होता, तासाभरात रंग काळाभोर दिसला पाहिजे म्हणून. ताईंनी साफ नकार दिला होता. मी कारण विचारले तेव्हा एरवी वाक्य अर्धवट सोडणाऱ्या या बाई सलग दहा मिनिटे बोलल्या. मेहंदीच्या पानात लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते, ते त्वचेतल्या केराटिन या प्रथिनाला धरते. लेप काढल्यावर हात आधी नारिंगी दिसतो आणि एक-दोन दिवसांत गडद होतो, म्हणून तर मेहंदी लग्नाच्या आदल्या किंवा त्याच्याही आधीच्या दिवशी काढायची. तळव्याची कातडी जाड, म्हणून तिथे रंग जास्त चढतो. तासाभरात काळा होणारा रंग मेहंदीचा नसतोच; त्यात केसांच्या कलपातले पीपीडी नावाचे रसायन मिसळलेले असते. त्याने हातावर फोड येऊ शकतात, आणि एकदा त्याची ॲलर्जी जडली की पुढे साधा कलप लावला तरी त्रास होतो. त्यांच्या ओळखीच्या एका मुलीच्या हातावर नक्षीच्या आकाराचे फोड उठलेले त्यांनी पाहिले होते. त्या स्वतः राजस्थानातल्या सोजतची पावडर मागवतात, लिंबाचा रस, साखर आणि निलगिरीचे तेल घालून रात्रभर भिजवतात आणि कोन फ्रीजमध्ये ठेवतात.

‘त्या बाई रागावल्या असतील,’ मी म्हटले.

‘रागावल्या. पण मी काय करणार? पोरीच्या हाताचा प्रश्न होता.’

‘नकार दिल्यावर झोप लागली?’

त्या हसल्या. ‘लागली की.’

नकार देण्याची ताकद त्यांच्यात नव्हती असे नाही. दुसऱ्याच्या कातडीसाठी ती लगेच पुढे येत होती आणि स्वतःच्या मानेसाठी, पाठीसाठी येत नव्हती. हे मी असेच, याच शब्दांत त्यांना सांगितले. ‘स्वतःची किंमत ओळखा’ अशी वाक्ये मी टाळते. ती ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतात, आणि ती पाळता येत नाहीत याचा अपराधीपणा तेवढा वाढतो.

यानंतर आम्ही दोन गोष्टींवर काम केले. पहिली, ओटी आणि पैसे यांची फारकत. ओटी हा घरी आलेल्या सवाष्णीचा मान आहे आणि मेहनताना हे कारागिराचे देणे आहे. दोन्ही एकाच क्षणी एकाच पदरात पडत असल्यामुळे पैशाबद्दल बोलणे म्हणजे मानाचा अपमान करणे, असे त्यांना वाटत होते. तेव्हा अर्धी रक्कम तारीख ठरवताना आणि उरलेली नवरीचा पहिला हात हातात घेण्यापूर्वी, दोन्ही मोबाईलवरून, असा नियम त्यांनी ठरवला. पाहुण्यांचे हात वेगळे धरायचे आणि त्यांची संख्या आधीच विचारायची. मग मध्यरात्री ओटी भरली जाते तेव्हा ती निखळ ओटीच असते.

दुसरी गोष्ट अधिक अवघड होती. माझ्यासमोर बसून ‘पाच हजार होतील’ असे म्हणायचे आणि त्यापुढे गप्प राहायचे. पहिल्या खेपेला त्यांना चार सेकंदही दम धरवला नाही. ‘पण’ हा शब्द आपोआप बाहेर पडला. मी यजमानीण होऊन ‘बरंच झालं ना हे’ म्हणत असे आणि त्यांनी फक्त ‘हो, एवढे होतात’ म्हणायचे. आम्ही हे चार भेटींत पुन्हा पुन्हा केले. (व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत मीही फी सांगून लगेच ‘जमेल तसे द्या’ म्हणत असे, हे मी त्यांना सांगितले. त्यांना त्याचा फार आनंद झाला.)

पुढच्या हंगामात नात्यातली दोन कामे त्यांच्या हातून गेली. एका काकूंनी ‘बघू’ म्हटले आणि दुसऱ्या मुलीला बोलावले, आणि त्याचे वाईट ताईंना आठवडाभर वाटत राहिले. पण बाकीच्यांनी न बोलता पैसे पाठवले, आणि मानेचे दुखणे पूर्ण गेले नसले तरी परतल्यावरच्या जागरणाच्या रात्री थांबल्या.

एका घरी मात्र त्या अजूनही पैसे घेत नाहीत. वडील आजारी असताना ज्या मावशीने त्यांच्या शाळेची फी भरली, तिच्या मुलींची, सुनांची मेहंदी. याबद्दल मी त्यांना नीट विचारले, आणि ही भीड नाही, असे आमचे दोघींचे ठरले. वहीत त्या दिवसापुढे तास लिहिलेले असतात, सामानाचा खर्चही असतो, आणि रकमेच्या जागी ‘मावशी’ एवढेच.