सही तुमची, अक्षर मुलीचं

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी वडिलांचं पत्र, थोडक्यात : "पाच एकर कोरडवाहू, सगळी पऱ्हाटी. पोरगी बारावी सायन्स झाली, चारही विषय होते. केमिस्ट्रीत ८८, गणितात ६१. तिचा मामा म्हणते, आग न लागणाऱ्या सुताले लय मागणी हाय. अमरावतीले टेक्सटाईल पार्क होऊन राहिला. तिले त्या सुताचं इंजिनिअर करतो, कापूस त घरचाच हाय. दोन एकर गहाण ठेवाले तयार हाओ. पण पोरगी फालतू टाइम घालवते, दवाखान्यात लॅबवाल्या मॅडमजवळ जाऊन काचा पाहात बसते. तिले समजावून सांगा.")

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मजकूर वाचला, दुसऱ्यांदा अक्षर. खाली सही तुमची आहे, पण पत्र मुलीनं लिहिलंय. तुम्ही सांगत गेलात, ती उतरवत गेली. म्हणजे 'पोरगी फालतू टाइम घालवते' हे वाक्यसुद्धा तिनं स्वतःबद्दल, स्वतःच्या हातानं लिहिलं. तुमच्या हे ध्यानात आलं का? दुसऱ्या पानावर एके ठिकाणी 'तिला हे आवडते' असं लिहून 'आवडते' खोडलंय आणि वर बारीक अक्षरात 'चालेल' लिहिलंय. अख्ख्या पत्रात तिचा स्वतःचा असा तेवढा एकच शब्द आहे, आणि तोही खाडाखोडीतला.

तुम्ही दुष्ट बाप आहात असं मी म्हणत नाही. पोरीसाठी जमीन गहाण ठेवायला निघालेला माणूस दुष्ट नसतो. पण या पत्रात एक हिशेब दडलाय : कापसाला भाव नाही, मग पोरगी शिकून तो भाव आणेल. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर आपण कापसाचं अख्खं गाठोडं देतोय. ते तिचं ओझं नाही.

शिवाय तो हिशेब मुळातच चुकलाय. आगरोधक सूत नुसत्या घरच्या कापसाचं होत नाही. कापूस कसा पेटतो हे मी तुम्हाला काय सांगणार. जिनात रुईच्या गंजीला ठिणगी लागली की वरून विझल्यासारखी दिसते आणि आत धुमसत राहते. हवेत प्राणवायू साधारण २१ टक्के असतो, आणि कापसाला जळत राहायला १८ टक्क्यांच्या आसपास पुरतो. अग्निशामक दलाच्या जवानांच्या पोशाखात मेटा-अरॅमिड नावाचा धागा वापरतात, त्याला २८ ते ३० टक्के लागतो. म्हणून ज्योत बाजूला केली की तो विझतो. हा धागा शेतात पिकत नाही, रसायनांपासून कारखान्यात तयार होतो. मामा ज्याबद्दल सांगतात ते संमिश्र सूत असतं. त्याच्या एका प्रकारात मधोमध काचेचा बारीक तंतू आणि त्याभोवती अरॅमिड किंवा मोडॅक्रिलिक (हाही सहज न पेटणारा कृत्रिम धागा) याचं आवरण असतं. आगीत आवरणाचा कोळसा होतो, पण काचेचा सांगाडा टिकतो, त्यामुळे कापडाला सहज भोक पडत नाही. आता काच वारंवार वाकवली तर तुटते, आणि आवरण सरकलं तर अंगाला टोचते. मग आवरण किती जाड ठेवायचं, पीळ किती द्यायचा, त्याचं कापड अंगात घालून माणसाला काम करता येईल का, हे ठरवणं म्हणजे त्या सुताचं डिझाइन. कापूस यात येतो तो बहुतेक घाम शोषण्यापुरता, नाहीतर फॉस्फरसयुक्त रसायनांची प्रक्रिया करून. तुमच्या पाच एकरांचा आणि या धंद्याचा संबंध जवळजवळ नाही.

मामा सगळंच खोटं सांगत नाहीत. केंद्र सरकारनं २०२० मध्ये टेक्निकल टेक्सटाईलसाठी, म्हणजे खास कामांसाठी बनवलेल्या कापडासाठी, १,४८० कोटींचं मिशन मंजूर केलं, अमरावतीला पीएम मित्र हा सरकारी टेक्सटाईल पार्कही येतोय. काम चांगलं आहे, आणि मुलींनी का करू नये? पण पार्कची पाटी लागली म्हणजे घराजवळ नोकरी लागली असं नसतं. अशा सुतावरचं काम शोधत मुंबई, सुरत, कोईमतूरकडं जावं लागेल. साध्या सूतगिरणीत लागली तर तीन पाळ्या, आणि सुरुवातीचा पगार ऐकून मामाच गप्प बसतील.

तिला खरंच हे करायचं असेल तर एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा आणि कॅप राउंड (सरकारची केंद्रीय प्रवेश फेरी) यातून मुंबईचं व्हीजेटीआय, इचलकरंजीचं डीकेटीई, नांदेडचं एसजीजीएस, एवढं बघा.

आणि गहाणखताचा कागद आधी थांबवा. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, कॅपमधून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. एससी, एसटीसाठी वेगळ्या योजना आहेत. व्यवस्थापन कोट्यातून घेतलं तर यातलं काही मिळत नाही, म्हणून 'सीट पक्की करून देतो' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. मेस आणि खोलीचा खर्च राहील. त्यासाठी दोन एकर लागत नाहीत.

आता त्या काचांबद्दल. ज्याला तुम्ही फालतू टाइम म्हणता, ती मला पत्रातली सगळ्यात कामाची ओळ वाटली. कोणी सांगितलेलं नसताना एक मुलगी दवाखान्यात जाऊन रक्ताच्या काचा (स्लाइड्स) बघते, आणि तिला केमिस्ट्रीत ८८ आहेत. चार विषय घेऊनही पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ग्रुपची सीईटी तिनं दिली की नाही, हे पत्रात नाही. नसेल दिली तर का नाही दिली? तरी वाट बंद होत नाही : पीसीएमच्या (बायोलॉजीऐवजी गणित) गुणांवर बी. फार्म.ला अर्ज करता येतो, बारावीवर मायक्रोबायोलॉजीची बी.एस्सी. आहे, लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा आहे. यातलं काय घ्यायचं ते मी सांगणार नाही. तिच्याऐवजी ठरवणारे दोघे आधीच आहेत, तिसरा कशाला?

कॅपच्या अर्जावर मोबाईल नंबर मामाचा टाकला असेल तर बदलून तिचा टाका. तिच्याकडं फोन नसेल तर तुमचा चालेल, पण ओटीपी आला की फोन तिच्या हातात द्या आणि ऑप्शन तिला भरू द्या. त्याआधी एक दिवस तिच्यापुढे कोरा कागद ठेवा आणि तुम्ही वावरात जा. ती लिहील ते न वाचता पाकिटात घालून मला पाठवा. त्याचं उत्तर मी तिच्या नावानं देईन.