ज्याने फसवलं त्याच्यावर दया करता येते का?

तुम्ही विचारलंय की ख्रिस्ती, बौद्ध आणि हिंदू या तिन्ही शिकवणींत दयेला साधना मानलंय, पण ज्याने आपलं वाटोळं केलं त्याच्या बाबतीत ती जमते का. मी नाशिकजवळचा, निफाड तालुक्यातला द्राक्षवाला. पंडित नाही. पण या प्रश्नाने माझी झोप बरीच वर्षं खाल्लीय, म्हणून लिहितो.

२०१८ च्या मार्चमध्ये एका व्यापाऱ्याने माझी दीड एकर थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग उचलली. पहिल्या गाडीचे पैसे रोख दिले, बाकी साडेतीन लाखांचा चेक. चेक बाऊन्स, फोन बंद. एकदा घर शोधत गेलो तर म्हणाला, "भाऊ, थोडं थांबा, सगळे फेडतो." तिकडे सोसायटीचं पीककर्ज थकलं. रोज रात्री मनातल्या मनात त्याची गचांडी धरूनच मी झोपायचो.

शेवटी बायकोने मला इगतपुरीला धम्मगिरीवर धाडलं, दहा दिवसांच्या विपश्यनेला. दहाव्या दिवशी मंगल मैत्री शिकवतात. सगळ्यांचं भलं होवो म्हणताना या एका माणसापाशी माझी गाडी रुतली. आपण ढोंगी आहोत असं वाटून घरी आलो. पुढे कळलं की वैऱ्यापासून सुरुवात करूच नका, असं बुद्धघोष या बौद्ध आचार्याने पाचव्या शतकातच विशुद्धिमग्ग या साधनेवरच्या ग्रंथात लिहून ठेवलंय. आधी स्वतः, मग आवडता-आदराचा माणूस, मग ज्याच्याशी काही घेणं-देणं नाही असा, आणि वैरी सगळ्यात शेवटी. हे आम्हा बागायतदारांना सांगावं लागत नाही. घड लागतात ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, एप्रिलच्या खरड छाटणीवर कुणी ते शोधतं का? घेणं-देणं नसलेला माणूस म्हणून मी आमच्या एसटीचा कंडक्टर धरला. महिनाभर त्या बिचाऱ्याचं भलं चिंतलं, त्याला पत्ताही नाही.

खरा दणका मात्र शरणपूर रोडला राहणाऱ्या माझ्या एका ख्रिस्ती मित्राने दिला. बायबलात येशूचा शिष्य पेत्र त्याला विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? त्यावर येशू एका चाकराची गोष्ट सांगतो. या चाकरावर राजाचं दहा हजार तलांतांचं कर्ज. एक दिनार म्हणजे तेव्हाचा मजुराचा रोज, आणि एक तलांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, करा हिशोब. चाकर पाया पडून म्हणतो, धीर धरा, सगळं फेडतो. राजा सगळंच सोडून देतो. हा बाहेर पडतो आणि शंभर दिनार देणं असलेल्या सोबत्याचा गळा धरतो. तो सोबतीही तेच म्हणतो, धीर धर, फेडतो.

मित्र सांगून मोकळा झाला, माझा चहा गार झाला. कारण २०२० मध्ये फुले कर्जमुक्ती योजनेत माझे पावणेदोन लाख माफ झाले होते. बँकेबाहेरच्या यादीत नाव बघून मी पेढे वाटले होते. आणि त्याच रात्री पुन्हा गचांडी!

आपल्याकडे 'दया क्षमा शांती, तेथे देवाची वसती' म्हटलं की लोक मोकळे होतात. मला ते गुळमट वाटतं. तेच तुकोबा 'दया तिचें नांव भूतांचें पाळण' म्हणून लगेच पुढे 'आणिक निर्दळण कंटकांचें' म्हणतात. माउलींनी पसायदानात खळ नाहीसे व्हावेत असं मागितलेलं नाही, त्यांची व्यंकटी, म्हणजे वाकडेपण, सुटावं असं मागितलंय. अर्थात हे तोलणं मोठ्यांनाही जड गेलेलं दिसतं. नाशिकच्या पांडवलेण्यात तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजा सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा प्राकृत लेख आहे. आपला मुलगा सातकर्णी याला अपराधी शत्रूचीही प्राणहिंसा आवडत नसे, असं ती आई कौतुकाने सांगते, आणि त्याच लेखात त्याने खखरात या शत्रू राजघराण्याचा वंश निःशेष केला हेही तितक्याच कौतुकाने सांगते. लेणं भिक्षूंना दान दिलेलं!

तर माझ्यापुरतं उत्तर असं, की केस मी मागे घेतलेली नाही. चेक न वटल्याच्या कलम १३८ खाली चालू आहे. पैसे मागणं सोडलं नाही, रात्रीची गचांडी सोडली. तीही एका दिवसात सुटली नाही, आणि अजून एखाद्या रात्री हात शिवशिवतो. विशुद्धिमग्गातलं आणखी एक इथे कामी येतं: करुणेचा उघड वैरी क्रौर्य, पण जवळचा, करुणेसारखाच दिसणारा वैरी म्हणजे दुःखात बुडणं. त्या व्यापाऱ्याची कीव करत रडत बसलो असतो तर केसही बुडाली असती.

मागच्या तारखेला दुपारी कोर्टातून निघालो तर हा व्यापारी फाटकाशी उभा, पाऊस धो धो, अंगात शर्ट आणि डोक्यावर फाईलची पिशवी. मी मोटरसायकल थांबवली. तो आधी घाबरला, मग बसला. एसटी स्टँडपर्यंत दोघांपैकी कुणी एक शब्द बोललं नाही. उतरताना तो काहीतरी पुटपुटला, पावसात ऐकू आलं नाही. पुढची तारीख २८ ला आहे.