आमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंना छातीत गाठ लागतेय पण दुखत नाही म्हणून त्या दाखवायला तयार नाहीत, मॅमोग्राफी परवडत नाही म्हणतात. काय करू?

दुखत नाही म्हणूनच दाखवायचं, कारण कॅन्सरची गाठ सुरवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. आणि पहिल्या दिवशी मॅमोग्राफीच लागते असं काही नाही हो, हाताने तपासणीपासून सुरवात होते. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधे दीडेक लाख बायकांचा अभ्यास केला, त्यातल्या साधारण निम्म्यांची दहावी शिकलेल्या बायकांना ट्रेनिंग देऊन दर दोन वर्षांनी नुसती हाताने तपासणी, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमधे या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्के कमी झाले! (पन्नाशीच्या आतल्यांमधे तेवढा फरक दिसला नाही, तेही खरंय.)

ताईंना लेडी डॉक्टरच असेल असं सांगा, अर्धी भीती तिथेच असते. उरलेली अर्धी म्हणजे "तपासायला गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे, जे चांगल्या शिकलेल्या बायकाही बोलतात, चक्क खोटं आहे. काखेत गाठ, निप्पल आत ओढलं जाणं, रक्त येणं हेही विचारून घ्या. सरकारी दवाखान्यात तुम्ही स्वतः सोबत जा, त्यांचा त्या दिवसाचा खाडा धरू नका, आणि रेशनकार्ड आधार बरोबर असूद्या, उपचार लागलेच तर महात्मा फुले योजनेत कॅन्सर बसतो.