टोडफ्लॅक्स : मूळ झाड गेलं, फटीतली रोपं जपा

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. दोन वर्षांपूर्वी नर्सरीतून गुलाबी टोडफ्लॅक्स या फुलझाडाची तीन रोपं आणली. ‘बहुवर्षायू’ म्हणून घेतली होती, पण यंदा थंडीनंतर दोन फुटलीच नाहीत. उलट फरशांच्या फटींत बारीक रोपं उगवली आहेत. ती उपटू का? आणि पुण्याला आईच्या गच्चीवर हे झाड येईल का?

उत्तर : कृपा करून उपटू नका. हे टोडफ्लॅक्स बहुवर्षायू खरं, पण अल्पायुषी. दोन-तीन वर्षं भरभरून फुलतं आणि जातं. जाण्याआधी बी मात्र भरपूर सांडतं. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही.

हे झाड मूळचं इटलीचं, खडकाळ जमिनीतलं. म्हणून फटीत सुखी असतं. मी लेस्टरला पहिल्या वर्षी प्रेमाने शेणखत घातलं, तर दांडे कमरेएवढे वाढून पहिल्याच पावसात आडवे झाले. तेव्हापासून खत बंद. भरपूर ऊन आणि पाणी न साचणारी जमीन, एवढंच त्याला हवं. रोपं हलवायची असतील तर बोटभर उंचीची असतानाच हलवा. आदल्या रात्री पाणी घाला आणि जुन्या सुरीने मुळासकट उचला.

तुमचं गुलाबी म्हणजे बहुधा ‘कॅनन वेंट’. शेजारी जांभळं टोडफ्लॅक्स असेल तर गुलाबीच्या बियांतून जांभळीही रोपं निघतात. गुलाबीच हवं असेल तर जांभळी फुलताच काढा. मी काढत नाही.

एकदा फूल हातात घेऊन बघा. आपल्या ‘डॉग फ्लॉवर’चं धाकटं भावंडच, तुरीच्या दाण्यापेक्षा जरासं मोठं. बाजूने दाबलं की तोंड उघडतं आणि मागे बाकदार शेपटी असते, मध त्या शेपटीत. भुंगा बसला की सगळा तुरा वाकतो. पानं जवसासारखी अरुंद, निळसर. पहिला बहर ओसरला की तुरे अर्ध्यावर छाटा, सप्टेंबरात पुन्हा फुलतं. जुलैत राखाडी-पिवळे, काळ्या ठिपक्यांचे सुरवंट दिसले तर औषध मारू नका. ते एका पतंगाचे आहेत आणि याच झाडावर जगतात.

पिवळं टोडफ्लॅक्स मात्र वाफ्यात लावू नका. ते जमिनीखालून मुळांनी पसरतं, तुकडा राहिला तरी फुटतं. अमेरिकेत कोलोरॅडोत ते उपद्रवी तण म्हणून कायद्याने नोंदवलेलं आहे.

आईंसाठी इथलं बी बॅगेतून नेऊ नका, त्याला परवाना आणि तपासणीचा दाखला लागतो. शिवाय पुण्याचा पावसाळा या झाडाला सोसणार नाही, मुळं कुजतील. त्यांना तिथेच बियांच्या दुकानात हंगामी ‘लिनेरिया’ (टोडफ्लॅक्सचंच शास्त्रीय नाव) मागायला सांगा. ही मोरोक्कोची, वीतभर-दीड वीत उंचीची जात. पाऊस संपला की ऑक्टोबरात पसरट कुंडीत बी वरच भुरभुरायचं, मातीने झाकायचं नाही, फवाऱ्याने पाणी द्यायचं. थंडीत कुंडी रंगांनी भरते, मार्चच्या उन्हात वाळते.