निवृत्त बेसबॉलपटूंपैकी हॉल ऑफ फेममध्ये कोण असायला हवं होतं, पण नाही?

बॅरी बॉन्ड्स आणि पीट रोझ ही नावं तुम्हाला कुणीही सांगेल. माझं पहिलं मत मात्र लू व्हिटेकरला. मी मिशिगनमध्ये राहतो, त्यामुळे डेट्रॉइट टायगर्सकडे माझा कल आहे हे आधीच सांगून टाकतो. पण आकडे काही मी तयार केलेले नाहीत.

व्हिटेकर दुसऱ्या बेसवर खेळायचा आणि ॲलन ट्रॅमेल त्याच्या शेजारी शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेवर. सप्टेंबर १९७७ मध्ये दोघं एकाच सामन्यात टायगर्सकडून पहिल्यांदा उतरले आणि पुढे १९९५ पर्यंत त्यांनी त्या जागा सोडल्या नाहीत. १९८४ ची वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हाही हीच जोडी होती. व्हिटेकरचे हिट्स (चेंडू मारून सुखरूप बेस गाठणं) २,३६९, ट्रॅमेलचे २,३६५. होमरन व्हिटेकरचे २४४, ट्रॅमेलचे १८५. ट्रॅमेल २०१८ मध्ये कूपर्सटाउनला, म्हणजे हॉल ऑफ फेम जिथे आहे त्या गावी, मानाने दाखल झाला, व्हिटेकर अजून बाहेर.

याचं कारण मतदानाच्या नियमात आहे. निवृत्तीनंतर ५ वर्षांनी खेळाडूचं नाव बेसबॉल लेखकांच्या मतपत्रिकेवर येतं. निवडून यायला ७५ टक्के मतं लागतात आणि ५ टक्क्यांच्या खाली गेलं की नाव कायमचं कटतं. २००१ मध्ये ५१५ जणांनी मतदान केलं, त्यातल्या फक्त १५ जणांनी व्हिटेकरला मत दिलं. पहिल्याच वर्षी खेळ खलास! एखाद्या साधारण बदली खेळाडूपेक्षा याने संघाला किती सामने जास्त जिंकून दिले, याचा अंदाज देणारं ‘वॉर’ नावाचं मोजमाप आता सगळेच वापरतात, तेव्हा ते कुणी फारसं पाहत नव्हतं. त्यात व्हिटेकर ७५ च्या आसपास आहे, ट्रॅमेलपेक्षाही वर. मतपत्रिकेवर नुसतं टिकून राहण्याला किती किंमत आहे ते स्कॉट रोलेन या निवृत्त खेळाडूकडे बघून कळतं: २०१८ मध्ये १०.२ टक्के, २०२३ मध्ये ७६.३ टक्के आणि थेट आत. मधल्या काळात त्याने एक चेंडूही मारला नव्हता.

लेखकांनी नाकारलेल्यांसाठी १६ जणांची समिती असते. तिने २०१८ च्या डिसेंबरमध्ये हॅरल्ड बेन्सला निवडलं. चांगला फलंदाज, वाद नाही, पण वॉर ३९ च्या आसपास. समितीत कोण? बेन्सचा जुना मॅनेजर टोनी ला रुसा आणि तो ज्या संघाकडून खेळला त्या व्हाइट सॉक्सचे मालक जेरी राइन्सडॉर्फ. ओळखीने कामं कशी होतात हे आपल्याला काय सांगायचं! याच्या पुढच्याच वर्षी व्हिटेकरचं नाव समितीसमोर आलं, १६ पैकी ६ मतं पडली.

बॉन्ड्सलाही मी मत देईन. ७६२ होमरन, ७ वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू. उत्तेजकांचं प्रकरण खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण तो सगळा काळ ज्यांच्या कारभारात गेला, ते कमिशनर बड सीलिग २०१७ पासून हॉलमध्ये आहेत. मालक-कारभारी आत आणि खेळाडू बाहेर, हा न्याय मला पटत नाही. ॲलेक्स रॉड्रिगेझची गोष्ट वेगळी. चाचण्या आणि शिक्षा सुरू झाल्यावरही त्याने तेच केलं आणि २०१४ चा अख्खा हंगाम निलंबनात घालवला. त्याला नाही.

रोझला पण नाही, यावर घरी-दारी भांडलोय. ४,२५६ हिट्स, त्याच्या पुढे कुणी नाही, मान्य. पण सिनसिनाटी रेड्स संघाचा मॅनेजर असताना त्याने स्वतःच्याच संघाच्या सामन्यांवर पैसे लावले, आणि जुगाराविरुद्धचा नियम प्रत्येक संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये भिंतीवर लावलेला असतो. २०२४ मध्ये तो गेला, मे २०२५ मध्ये जुगारामुळे त्याच्यावर असलेली बंदी उठली, त्यामुळे डिसेंबर २०२७ मध्ये त्याचं नाव समितीपुढे येऊ शकतं. बहुधा निवडूनही येईल.

व्हिटेकरला पुढची संधी डिसेंबर २०२८ मध्ये. नव्या नियमाप्रमाणे ५ पेक्षा कमी मतं मिळालेला खेळाडू पुढच्या फेरीत उभा राहू शकत नाही, आणि २०२५ मध्ये बॉन्ड्स आणि उत्तेजकांच्याच प्रकरणात नाव आलेला पिचर रॉजर क्लेमन्स यांचं तेच झालं. म्हणजे त्या वर्षीच्या ८ नावांत निदान दोन जागा तरी मोकळ्या आहेत.